जाता येतं की जाऊ देतात

घरत मास्तरांनी माझं पत्रक हातातून घेतलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि मथळाच खोडला. मथळा होता, 'तिवरपाड्याचा रस्ता कंपनीने चोरला'.

"चोरला न्हाय," ते म्हणाले. "चोरीची वस्तू जाग्यावर राहत न्हाय. रस्ता जाग्यावर हाय. चल, चालून दाखवतो."

"सर, हे पत्रक आहे. पत्रकात असंच लिहितात."

"म्हणूनच कोन वाचत न्हाय."

पत्रकं छापून झाली होती. मी ती तशीच वाटली. मास्तरांच्या हाती जेवढी लागली तेवढी त्यांनी लाल पेनाने दुरुस्त करून पुढे दिली. त्या आठवड्यात गावात एकाच पत्रकाच्या दोन आवृत्त्या फिरत होत्या आणि लोक मला विचारत होते, यातली खरी कुठली. आमच्या ओळखीची सुरुवात ही अशी.

मी उरणच्या बाजारपेठेतली. तिवरपाडा तिथून जवळच, खाडीकडे तोंड करून बसलेला. पाड्यापासून खाडीच्या धक्क्यापर्यंत मिठागरांमधून एक रस्ता जातो. होड्या धक्क्याला, स्मशान धक्क्याच्या बाजूला. म्हणजे पोट आणि शेवट, दोन्ही त्या एका रस्त्यावर. मिठागरं गेली, त्यांच्यावर भराव पडला, कंटेनरचं यार्ड उभं राहिलं आणि एके दिवशी त्या रस्त्याच्या मधोमध दोन खांब आणि एक साखळी आली. दिवसा साखळी खाली, तिन्हीसांजेला वर. म्हणून मी पत्रक काढलं होतं. पत्रकापलीकडे लढायचं काय असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना नकाशाचं वेड लागलं. कागदाच्या नकाशाचं नव्हे, मोबाइलातल्या. जगभरचे लोक मिळून फुकट काढतात असा एक खुला नकाशा आहे. कोणीही त्यात रस्ता काढावा, विहीर दाखवावी, आणि त्या रस्त्यावरून कोणाला जायची मुभा आहे तेही नोंदवावं. पार्सल पोचवणारे, गाडीवाले, कितीतरी जण त्यावर विसंबून चालतात. मास्तर त्यात 'खारजमीन' या नावाने वावरत. छत्री बारमाही काखेत, मोबाइल होडीवाल्यांसारखा प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात, आणि कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. आमच्या तालुक्यातल्या सगळ्यात जास्त नोंदी त्यांच्या होत्या आणि हे ते ओळख झाल्या झाल्या सांगत. विनय नावाची गोष्ट त्यांच्या अंगाला शिवली नव्हती. दुसऱ्या कोणी त्यांच्या नोंदीला हात लावला तर इंग्रजीतून लांबलचक खरडपट्टी काढत. एकदा कुठल्याशा परदेशातल्या माणसाने त्यांची एक पायवाट सॅटेलाइटच्या फोटोवरून सरळ केली. मास्तरांनी त्याला कळवलं, 'आपण वरून पाहता. वाट खालून असते.' हे त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुठलाही रस्ता दिसला की तिथल्या माणसाला विचारायचे, "जाता येतं, की जाऊ देतात?"

लोक गोंधळत. मास्तर समजावत. सर्वांचा रस्ता असतो, तिथे जाता येतं. खाजगी असतो, तिथे जाता येत नाही. पण या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे आणि नकाशात त्याची वेगळी नोंद आहे: मालक सोडतो तोवर. "हा सगळ्यात वाईट," ते म्हणत. "मानसाला वाटतं, रस्ता आपला हाय. आणि एक दिवस सकाळी मालकाची झोप बिघडते."

हा प्रश्न ते सगळीकडे लावत. लग्नाच्या हॉलला, देवळाच्या गाभाऱ्याला, साहेबाच्या केबिनला. त्यांचा मुलगा उलव्याला मोठ्या सोसायटीत राहायचा. त्याचे स्वतःचे दोन ट्रेलर होते, धंदा चांगला चालला होता. मास्तर महिन्यातून एकदा नातवाला बघायला जात आणि प्रत्येक वेळी वॉचमन त्यांचं नाव लिहून घेई, वर फोन लावी, मग सोडी.

"पोराच्या घरी मी कुठल्या प्रकारात मोडतो, सांग," मास्तर मला म्हणाले.

मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

"मालक सोडतो तोवर," ते म्हणाले आणि हसले. ते हसू काही बरं नव्हतं.

त्यांचा आणि माझा पहिला मोठा खटका मुरुडच्या पुढे उडाला. आगरदांड्याला जेट्टीवर काही माहिती घ्यायला गेलो होतो, येताना समुद्राकडे जाणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी बोर्ड दिसला: 'खाजगी रस्ता. आत येऊ नये.' आत कोणा मुंबईकराचा बंगला. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सर, इथे सर्वांचा रस्ता अशी नोंद करा, येऊ देत सगळं गाव समुद्रावर. मास्तर छत्री टेकत शेजारच्या वाडीत गेले. सुपारी सोलत बसलेल्या म्हाताऱ्याशी बोलले, दोघांशी अजून बोलले, परत आले आणि मोबाइलात लिहिलं: खाजगी.

"सर?"

"वाडी त्याच्या आजोबापासूनची हाय. गावाची वाट पलीकडून हाय, ती उघडी हाय."

"तो आडदांड आहे. बोर्ड कसा लावलाय बघा."

"आडदांड असेल. वाडी त्याचीच हाय. बाय, नकाशात राग घालायला जागा न्हाय. राग तुझ्या पत्रकात घाल."

घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. मला तेव्हा वाटायचं, आपल्या बाजूच्या माणसाने आपल्या बाजूने खोटं बोलायला काय हरकत आहे. समोरचे तर उठता बसता बोलतात.

मग एक मुलगा मेला.

पार्सल पोचवणारा. बाहेरच्या राज्यातून आलेला, कामावर नवीन. धक्क्यावरच्या एका होडीवाल्याने इंजिनाचा काही भाग मागवला होता. अंधार पडता पडता तो मोटरसायकलवरून मिठागराच्या रस्त्याने आला. मोबाइल त्याला सांगत होता, सरळ जा. साखळी वर होती, तिला ना दिवा ना चिंधी. गळ्यावर लागली.

पोलिसांनी अपघात लिहिला. यार्डवाल्यांनी दुसऱ्या दिवशी साखळीला लाल फडकं बांधलं. मी पत्रक लिहायला बसले, चांगलं जहाल. मास्तरांकडे गेले तर ते ओट्यावर बसले होते, सदरा चुरगळलेला. तसा मी तो कधी पाहिला नव्हता.

"माझ्या रेघेवरून आला तो," ते म्हणाले. "ती रेघ मी काढली. सर्वांचा रस्ता म्हणून मी लिवलं."

"साखळी तुम्ही नाही लावली, सर."

"साखळी मी दाखवली पण न्हाय."

त्याच बैठकीत त्यांनी मोबाइल उघडला आणि साखळीपासून धक्क्यापर्यंतचा सगळा रस्ता खाजगी करून टाकला. म्हणजे पुढच्या कोणा पोराला नकाशा तिकडे पाठवणार नाही. मी बघत होते. मला ते बरोबरच वाटलं. तिथे असलेल्या कोणालाही ते बरोबरच वाटलं असतं.

साखळीचं गेट झालं. लोखंडी, दोन झडपांचं, बाजूला वॉचमनची केबिन. गावाने अर्ज केला, पाड्यातला होडीवाला नामदेव कोळी पुढे झाला, आणि बऱ्याच खेपा घातल्यावर प्रांतसाहेबांपुढे सुनावणी लागली. सगळा पाडा टेम्पो करून गेला. मी माझ्या घोषणा तयार ठेवल्या होत्या, पण तिथे घोषणा देऊ देत नाहीत.

कंपनीचा वकील सभ्य माणूस होता. आवाज चढवला नाही. त्याने एक रंगीत कागद साहेबांसमोर ठेवला. "सर, हा नकाशा कंपनीचा नाही. सरकारचाही नाही. हा जनतेने काढलेला नकाशा आहे. यात हा रस्ता खाजगी दाखवला आहे. आणि तसा तो दाखवणारा माणूस याच गावचा असावा, कारण गावातले नळसुद्धा त्यानेच दाखवले आहेत. खारजमीन असं काहीतरी नाव आहे."

सगळा पाडा मास्तरांकडे वळून बघायला लागला.

मास्तर उभे राहिले. गप्प बसले असते तर कोणी सिद्ध करू शकलं नसतं. ते म्हणाले, "तो मी. साहेब, माझी चूक झाली. रस्ता खाजगी न्हाय. त्याच्यावरचं दार खाजगी हाय. नकाशात दोन्हीची वेगवेगळी नोंद करता येते. रस्ता सर्वांचा, दार कुलूपबंद, असं लिवलं असतं तरी कोण पोरगा तिकडं गेला नसता. ही रीत मला ठाऊक होती. त्या दिवशी माझं डोकं जाग्यावर नव्हतं. मी दाराचं पाप रस्त्याच्या नावावर टाकलं."

"तुम्ही हे परत बदललंत का?" वकिलाने विचारलं.

"बदललं."

"कधी?"

"दोन दिवसांमागं."

"म्हणजे सुनावणीची तारीख कळल्यावर," वकील म्हणाला आणि खाली बसला. त्याला आणखी काही बोलायची गरज नव्हती.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी नामदेवला विचारलं, "नकाशा राहू द्या. यार्डच्या आधीची काही खूण आहे का या रस्त्यावर? देऊळ, विहीर, समाधी, काहीही. ज्यावरून कळेल की गाव पिढ्यान् पिढ्या इथून जातंय?"

नामदेव गप्प. त्याच्या मागचे म्हातारे गप्प. बायका पदराच्या टोकाशी चाळा करत गप्प. मास्तरांनी तोंड उघडलं, नामदेवकडे पाहिलं आणि मिटलं. ज्या माणसाने गावातला नळ सोडला नाही, पडका बांध सोडला नाही, त्याला एक खूण सांगता येईना. मी तिथे बसून जळत होते. टेम्पोत मी सगळ्यांना फैलावर घेतलं, एवढं विचारत होते साहेब, एकाला काही आठवू नये? बोंबील विकणारी पार्वतीमावशी तेवढी म्हणाली, "पोरी, गप बस. नामदेवची आय दवाखान्यात हाय." याचा त्याच्याशी काय संबंध, मला कळलं नाही.

निकाल विरुद्ध गेला. कंपनीने मोठेपणाने पाड्याला पास दिले. फोटो लावलेले, दरवर्षी नवे करून घ्यायचे. पास गळ्यात घालून बायका टोपल्या घेऊन गेटच्या खिडकीएवढ्या दारातून वाकून जायला लागल्या. ज्या रस्त्यावर त्यांच्या सासवांनी बोंबील वाळत घातले होते त्या रस्त्यावर.

आणि पाडा म्हणायला लागला, मास्तरनी रस्ता घालवला. कंपनीने नव्हे. वकिलाने नव्हे. मास्तरनी. माणसं जवळच्यावर राग काढतात, कारण लांबच्यापर्यंत हात पोचत नाही. सत्यनारायणाचं बोलावणं त्यांना येईना. पार्वतीमावशी त्यांच्या वाट्याचे बोंबील बाजूला काढून ठेवायची, तिने एक दिवस तोंडावर सांगितलं, "संपले." टोपलीत दिसत होते.

मास्तर म्हणाले, "बरं." पुढे गेले.

पास त्यांनी घेतला नाही. मुलाने उलव्याहून येऊन हात जोडले. त्याचे ट्रेलर त्याच यार्डात लागत होते, बापाचा हट्ट त्याला जड जात होता. "बाबा, एक कार्ड तर हाय. काय जातंय?"

"घेतलं तर मग जाऊ देतील," मास्तर म्हणाले. "घेतलं न्हाय तोवर मला जाता येतं. फक्त दार बंद हाय."

रोज सकाळी ते गेटपर्यंत जात. वॉचमन उत्तरेकडचा, बिचारा पोटार्थी. तो लांबूनच म्हणायचा, "बंद है, मास्टरजी."

"ठीक है," म्हणत मास्तर पिशवीतला मोबाइल काढायचे आणि नोंद करायचे: रस्ता सर्वांचा, दार कुलूपबंद, आज प्रत्यक्ष पाहिलं. या नकाशावर चालणाऱ्या कुठल्या तरी पार्सल कंपनीची पगारी माणसं दूर कुठेतरी बसून ती नोंद परत खाजगी करत. मास्तर त्यांना लिहीत. उत्तर यायचं, 'जागेवर गेट आहे का?' हे लिहायचे, 'आहे.' तिकडून, 'मग?' त्या एका शब्दाला उत्तर म्हणून मास्तरांनी पानं लिहिली असतील. तिकडून पुन्हा कोणी बोललं नाही.

मग ते धक्क्यावर जायचे, मोठ्या रस्त्याने. ट्रेलरच्या रांगांच्या कडेने, पुलाखालून, धूळ खात, मोठा वळसा घालून. धक्क्यावर त्यांचं काही काम नव्हतं. पार्वतीमावशीने एकदा गेटपाशी हाक मारली, राग थोडा निवळला असावा, "मास्तर, या की. माज्या पासावर या."

"तू हो पुढं, पारू."

"उन्हात मराल."

"मरेन तवा तुला कळवतो," मास्तर म्हणाले आणि छत्री उघडून ट्रेलरच्या रस्त्याला लागले.

त्या धुळीनेच त्यांची छाती धरली, असं मी म्हणते. डॉक्टर म्हणाले, वय झालं. पनवेलच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तर नाकात नळी. दम लागत होता तरी दाराकडे बोट दाखवून विचारलं, "तुला येता आलं, की येऊ दिलं?"

"भेटायची वेळ होती, सर. येऊ दिलं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "एक खूण मी नकाशात टाकली न्हाय. सगळं टाकलं, ती न्हाय."

"कुठली?"

"मी असताना न्हाय सांगायची. माझी बायको म्हणायची, तिचं नाव घेतलं तर ती बोलवायला येते." थोडं हसले. "भूगोलाचा मास्तर. घाबरलो, बाय. सुनावणीत पण घाबरलो. माझ्यासाठी न्हाय."

पुढे त्यांना बोलवेना. मला वाटलं, तापात आहेत.

गेट झाल्यापासून पाड्यातलं पहिलंच मरण मास्तरांचं. स्मशान गेटच्या पलीकडे. मुलाने कंपनीकडून परवानगीचं पत्र आणलं. त्याला ते सहज मिळालं. मी ते वाचलं. अंत्ययात्रेस जाऊ देण्यात येत आहे, मार्गात न थांबता. म्हणजे ज्या माणसाने जिवंतपणी पासाला हात लावला नाही त्याला मेल्यावर पत्र दाखवून न्यायचं. मी मुलाला म्हटलं, लाज वाटू दे. तो रडत होता. म्हणाला, "मग काय करू, ताई? पुलाखालून नेऊ?"

गेटच्या दोन्ही झडपा उघडल्या होत्या. मास्तर असताना त्या एकदाही उघडल्या नव्हत्या. वॉचमनने टोपी काढून हातात धरली होती. आत यार्डात यात्रेसाठी ट्रेलर थांबवलेले, आणि सुपरवायझर हाताने चला चला करत होता.

तिरडी गेटमधून आत गेली आणि केबिनच्या शेजारी थांबली. तिथे जमिनीत रुतलेला एक काळा, सपाट दगड होता. मी त्याच्याकडे कितीदा पाहिलं असेल. वॉचमन त्यावर पिण्याच्या पाण्याचा जार ठेवायचा. नामदेव खांद्याला होता, तो म्हणाला, "पारू, उचल." पार्वतीमावशीने जार उचलला आणि बाजूला ठेवला. दगडावर जारचा ओला गोल उमटला होता. तिने तो पदराने पुसला. मग मास्तरांना त्या दगडावर टेकवलं.

"इथे थांबायचं नाही," सुपरवायझर म्हणाला. "पत्रात लिहिलंय."

"इथंच थांबतात," नामदेव म्हणाला. "माजा आजा इथंच थांबला. बापूस पण इथंच."

"कशासाठी?"

"विसावा हाय ह्यो."

पाड्यापासून निघालेली प्रत्येक तिरडी अर्ध्या वाटेवर इथे टेकवायची, खांदे बदलायचे, आणि इथून बायकांनी मागे फिरायचं. किती पिढ्या, कोणाला माहीत नाही. दगडाचा मधला भाग झिजून खोलगट झाला होता. साहेबांनी विचारलेली खूण. मी नामदेवला तिथेच विचारलं, तिरडीशेजारी, रीत सोडून. "सुनावणीत का नाही बोललास?"

"आय दवाखान्यात व्हती," तो म्हणाला. "घरात आजारी मानूस असताना विसाव्याचं नाव कोन घेतो? मास्तर बोलनार व्हते. माज्याकडं बघून थांबले."

मग त्याने हनुवटीने बायकांकडे दाखवलं. "ती बघ. आली ना घरी."

त्याची आई काठी टेकून उभी होती, पदर तोंडाला लावून. बरी दिसत होती.

यावर कुठलं पत्रक लिहायचं ते मला आजपर्यंत सुचलेलं नाही. अपिलाच्या अर्जात दगडाचा फोटो लावला आहे. वकील म्हणतात, आधी का सांगितलं नाही, हे विचारतील. विचारतीलच.

आत थांबवलेले ट्रेलर हॉर्न वाजवायला लागले होते. विसाव्याला फार वेळ थांबत नाहीत, खांदे बदलले की निघायचं असतं. त्या दिवशी खांदे बदलले आणि कोणी उचललंच नाही. सुपरवायझर पत्र हलवत फिरत होता. मुलगा मान खाली घालून उभा. म्हातारे जमिनीवर टेकले. मास्तरांच्या अंगात कडक इस्त्रीचा सदरा होता, नाकात कापूस, शेजारी कोणीतरी छत्री ठेवली होती. पत्रावर त्यांना गेटमधून जाऊ दिलं होतं. दगडावर ते पत्राशिवाय पडून होते.

"थांबू दे," नामदेवची आई कोणालाच उद्देशून म्हणाली. "कुटं जायाची घाई हाय त्याला."

मग उचललं. इथून आम्ही बायका मागे फिरलो. मागे वळून बघायचं नसतं. मी पाहिलं. रस्ता धक्क्यापर्यंत सरळ जातो, दोन्ही बाजूंना कंटेनर, आणि मधून पांढरं काहीतरी खाडीकडे चाललेलं. वॉचमनने जार उचलून पुन्हा दगडावर ठेवायला घेतला, पार्वतीमावशीकडे पाहिलं आणि तो हातातच धरून उभा राहिला.